पहिला साप घेताना: रंग राहू दे, जेवतो काय ते बघा

बेळगावात साप पाळायचा म्हटलं की पहिली सुनावणी घरातच होते. मी कॉर्न स्नेकचं पिल्लू एका छोट्या डब्यातून येळ्ळूरच्या घरी आणलं तेव्हा आजी दारातच उभी होती. "हे काय आणलास रे बाळा? परड्यात काय कमी हायत?" परड्यात खरंच कमी नव्हते. पावसाळ्यात मोरीतून दिवड आत यायची, माळ्यावर कवड्या सापडायचा, आणि धामण तर भाताच्या गंजीची जुनी भाडेकरूच.

त्यानंतर गावातली, खानापूरकडची, निपाणीकडची बरीच पोरं "पहिला साप कुठला घेऊ?" म्हणून विचारून गेली. सगळी मोबाइल पुढे धरून रंग दाखवतात. पांढरा, केशरी, गुलाबी डोळ्यांचा. मी सगळ्यांना एकच उलट प्रश्न विचारतो: जेवतो काय? पाळलेला साप सहसा चावत नाही, वास मारत नाही, आवाज करत नाही. नवख्याचा जीव तो टांगणीला लावतो एकाच गोष्टीने, खाणं सोडून. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या फिरून फिरून जेवणाशीच येतील, कंटाळू नका.

परड्यातल्याला हात लावायचा नाही

ही पायरी वगळून पुढे जायचं असेल तर इथेच थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. धामण, दिवड, तस्कर, मांडूळ, अजगर हे आपल्या रानातले साप पकडणं, घरात ठेवणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. जो जीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. "मी त्याला वाचवून ठेवलाय" हे उत्तर चालत नाही.

मांडुळाचं तर नावच घेऊ नका. दोन तोंडं, गुप्तधन, वजनावर लाखांचा भाव, या थापांपायी त्या गरीब सापाची पोत्यात भरून तस्करी होते. कुणी "शांत आहे, अजिबात चावत नाही, पहिल्या सापाला एकदम बरा" म्हणून मांडूळ पुढे केला तर त्याचं वर्णन खरं असेल, पण सौदा तुरुंगाचा आहे. कन्नडमध्ये त्याला मण्णुमुक्क म्हणतात. त्या नावाने विकायला आला तरी साप तोच.

दुसरी अडचण ओळखीची. डुरक्या घोणस हा बिनविषारी, जाड, सुस्त साप. विषारी घोणसही जाड, सुस्त, अंगावर ठिपके. कोळकुमंडल म्हणून कन्नड शेतकरी जिला घाबरतो तीच ही. उजेड कमी असला की जाणत्याचीही फसगत होते. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांचं तसंच. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारचे उलट, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि रात्री बॅटरीच्या उजेडात सरकणाऱ्या सापावर ताडून बघणं वेगळं. कर्नाटकात २०२४ पासून प्रत्येक सर्पदंशाची नोंद करणं दवाखान्यांना सक्तीचं आहे, ते उगीच नाही.

आणि तिसरं कारण माझ्या लेखी सगळ्यात मोठं. रानातला साप डब्यात सहसा जेवत नाही. मी शाळेत असताना गल्लीतल्या एका दादाने तस्कर बरणीत ठेवला होता. उंदीर दिला, पाल दिली, बेडूक दिला. दीड महिना त्याने कशाला तोंड लावलं नाही. पाठीचा कणा वर आला, कातडी सैल पडली. शेवटी त्याच्या आईने आरडाओरडा करून बांधावर सोडायला लावला. तो जगला की नाही कोण जाणे.

मग कुठला?

बंदिवासातच अंड्यातून निघालेला, परदेशी जातीचा, बिनविषारी. या चौकटीत बसणाऱ्या जातीही बऱ्याच आहेत. त्यातला माझा कौल कॉर्न स्नेकला.

हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, रंगीत मक्याच्या कणसासारख्या, म्हणून कॉर्न, असं म्हणतात. धामण, तस्कर ज्या मोठ्या कुळातले त्याच कुळातला हा, उंदीर खाणारा. पिल्लू २५ ते ३० सेंटीमीटरचं, शिसपेन्सिलीपेक्षा बारीक. पूर्ण वाढला की साधारण ३ ते ५ फूट, पण अंगाने सडपातळ. नीट ठेवला तर १५ ते २० वर्षं जगतो. हा आकडा परत वाचा. आज दहावीत असलेला मुलगा नोकरीला लागेल, लग्न करेल, पुण्या-बेंगळुरूला बिऱ्हाड करेल, आणि साप अजून असेल. तेव्हा तो कोण बघणार, हे आत्ताच ठरवायला हवं. कॉर्नचा मोठा गुण म्हणजे भूक. तो सहसा खाणं नाकारत नाही, थोडी थंडी-उष्णता चुकली तरी सांभाळून घेतो. नवख्याला चुका करायला जागा ठेवणारा साप.

बॉल पायथन दिसायला देखणा, स्वभावाने त्याहून गरीब. घाबरला की डोकं आत घालून अंगाचा चेंडू करतो. मादी ४ ते ५ फूट, नर जरा लहान, वय २० ते ३० वर्षं. मग तो दुसऱ्या नंबरावर का? कारण तो उपास धरतो. थंडी लागली, पेटी हलवली, कुणी सारखं हातात घेतलं, किंवा काहीच कारण नाही, तरी दोन-तीन महिने उंदराकडे बघत नाही. मोठ्या धडधाकट सापाला त्याने फारसा फरक पडत नाही, मालकाची मात्र झोप उडते. घ्यायचाच असेल तर "स्पायडर" हा रंगप्रकार टाळा. जाळीदार नक्षी सुंदर दिसते, पण त्या रंगासोबत तोल सांभाळण्यातला दोष जन्मजात येतो. मान डुलते, शिकारीवर नेम बसत नाही.

केनियन सँड बोआ आकाराने सगळ्यात सोयीचा. नर जेमतेम दीड फूट. दिवसभर भुशीत गाडून घेतो, वर दिसलंच तर दोन डोळे. पण आपल्या डुरक्या घोणसचा तो चुलतभाऊ, दिसतोही तसाच. मांडूळ तस्करीच्या बातम्या येणाऱ्या भागात असा साप ठेवला की शेजाऱ्याच्या एका फोनवर वनखात्याची गाडी दारात. कागद असतील तर सुटाल, पण पहिल्या सापाबरोबर एवढी दगदग कशाला?

किंगस्नेक आणि मिल्क स्नेक चालतील, जेवायलाही तयार असतात. इतके तयार की दुसरा साप दिसला तर तोही खातात, आणि कधी मालकाचं बोटही चाखून बघतात. हॉगनोजचं नाक वर वळलेलं, दिसतं गोड, पण त्याच्या लाळेत सौम्य विष असतं; मागच्या दातांनी चावून धरलं तर हात सुजतो. पहिल्यांदा नको.

शाकाहारी घरातली मंडळी हमखास विचारतात, अंडी खाणारा साप नाही का? आफ्रिकेत आहे, पण तो पक्ष्यांची अंडीच खातो, आणि पिल्लाला लागतं ते चिमणीएवढ्या पक्ष्याचं अंडं. कोंबडीचं त्याच्या जबड्यात मावत नाही. ते रोज कुठून आणणार? आपल्याकडचा अंडीखाऊ साप दुर्मीळ आणि संरक्षित. पनीर खाणारा साप अजून जन्मला नाही.

फ्रीजरची परीक्षा

साप आणण्याआधी घरात ही गोष्ट बोलून घ्या. सापाला गोठवलेले पांढरे उंदीर लागतात, आणि ते कुठेतरी ठेवावे लागतात. मटार आणि आइस्क्रीमच्या शेजारी उंदराची पिशवी कुठल्याही बेळगावी घरात चालणार नाही, मांसाहारी घरातही. मी जुना छोटा फ्रीज मिळवून माळ्याखाली बसवला. ही सोय होत नसेल तर साप घेऊ नका, इतकं साधं आहे. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी सांगा. मालक कन्नड असेल तर "विष इल्ला" (विष नाही) हे दोन शब्द आधी, बाकीचं नंतर.

घरातला, शेतातला उंदीर पकडून घालायचा मोह होतो. घालू नका. त्याने कुठे विषाची गोळी खाल्ली असेल ते कळत नाही, आणि त्याच्या पोटातले जंत सापात जातात. जिवंत उंदीरही नको. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाचे डोळे फोडतो, पाठ कुरतडतो.

कागद

जगभरच्या दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावर साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या याद्यांतले प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. अजगर आणि बोआ ही पूर्ण कुळं त्यात आहेत, म्हणजे बॉल पायथन आणि सँड बोआ दोन्ही. असा प्राणी घरात असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

यादीत नसला तरी पावती मात्र हवीच. विकणाऱ्याचं नाव-पत्ता, जात, अंड्यातून निघाल्याची तारीख, आईबाप त्याच्याकडचेच असल्याचं लेखी. परदेशातून थेट मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. आयातीचा परवाना लागतो आणि बॅगेतून आणणं ही सरळ तस्करी. कोल्हापूर, गोवा, हुबळी कुठूनही घेतलात तरी स्वतः जाऊन, कागद खिशात ठेवून आणा. हद्द ओलांडताना नाक्यावर डबा उघडायला लावला तर भाषा कुठली का असेना, कागद बोलतो.

पेटी आधी, साप नंतर

साप आणायच्या किमान आठवडाभर आधी पेटी तयार करून चालू ठेवा. पिल्लाला दोन फूट लांब, एक फूट रुंद पुरते. मोठ्या कॉर्नला चार बाय दोन फूट. सुताराकडून प्लायवूडची, पुढे सरकती काच असलेली करून घेता येते. फटी मात्र बोटाने चाचपून बघा. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं पिल्लू जातं. माझं गेलं होतं. झाकणावर जाडजूड शब्दकोश ठेवून मी बिनघोर झोपलो, आणि सकाळी पेटी रिकामी. चार दिवस घरात कुणी जमिनीवर पाय ठेवेना. पाचव्या दिवशी आजीलाच दिसला, फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या ऊबेला. तेव्हापासून पेटीला कडी आहे.

ऊब हा आपल्या भागातला खरा विषय आहे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १३-१४ अंशांवर येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल सुटते. साप स्वतःचं अंग तापवू शकत नाही. पोटात उंदीर असताना अंग गार पडलं तर तो पचत नाही, आतच कुजतो, आणि साप उलटून टाकतो. "माझा साप खाल्लेलं टाकतोय" म्हणून आलेल्या बहुतेक फोनचं मूळ थंडीत असतं.

म्हणून पेटीचं एक टोक उबदार, २९ ते ३१ अंश; दुसरं गार, २२ ते २४. साप हवं तिकडे जातो. पेटीच्या एक तृतीयांश तळाखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावा आणि तिला थर्मोस्टॅट जोडाच. थर्मोस्टॅटशिवाय मॅट म्हणजे तापलेला तवा, सापाचं पोट भाजतं. बॉल पायथनला उबदार टोक दोन अंश जास्त आणि हवेत दमटपणाही जास्त लागतो. लाइट गेली तर? लहान मॅट वीसेक वॅटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते. तेही नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका टोकाला ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं, मॅट बंद आणि पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत. पत्र्याच्या छपराखाली तर कधीच नको.

आत काय? लपायला दोन जागा, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं, आणि तो आडोसा निवडून गारठतो. करवंटी अर्धी कापून उपडी घातली तरी पिल्लाला महाल. जड पाण्याची वाटी. खाली सुरुवातीला वर्तमानपत्र, शी-शू लगेच दिसते. नंतर नारळाची भुशी. देवदाराचा भुसा नको, त्याच्या वासाने फुप्फुसं बिघडतात.

पिल्लू निवडताना

आता दुकान किंवा पाळणाऱ्याचं घर. पिल्लू हातात घ्यायच्या आधी म्हणा, माझ्यासमोर जेवायला द्या. चांगला पाळणारा त्याने सुखावतो, तारीखवार वहीही काढून दाखवतो. किमान पाच-सहा वेळा, तेही गोठवून वितळवलेला उंदीर खाल्लेलं पिल्लू घ्या. "काल खाल्लं, आज खाणार नाही" असं म्हणाला तर खोटंच असेल असं नाही. पुढच्या आठवड्यात या, तेव्हा बघू म्हणावं. "लहान आहे, घरी गेल्यावर खाईल" म्हणाला तर चप्पल घालून निघा. मी निघालो नव्हतो. एका ठिकाणी रंगावर भुलून, एकदाही न जेवलेलं पिल्लू घेतलं, आणि ते सातव्या आठवड्यात गेलं. त्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

मग अंग बघा. पाठ गोलसर हवी, कणा टोचत असेल तर उपाशी आहे. डोळे स्वच्छ, दुधाळ असतील तर कात टाकायला आलाय, आठवडाभराने या. शेपटीच्या टोकाला जुन्या कातेची कडी अडकलेली नको. शेपटीखालची फट कोरडी. नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, उघडं तोंड, यातलं काहीही दिसलं तर नको. पाण्याच्या वाटीत मोहरीहून बारीक काळे ठिपके हलत असतील तर ते किडे आहेत, त्या दुकानातला कुठलाच साप नको. निरोगी पिल्लू हातात घेतलं की बोटांना हलका विळखा घालतं, जीभ सारखी आत-बाहेर करतं. ते थोडं फुसफुसलं, शेपूट थरथरवली तर घाबरू नका, पिल्लंच ती. लुळं पडून राहिलेलं पिल्लू "किती शांत आहे" म्हणून घेणारे फसतात.

एकच घ्या. जोडी लावायची हौस नको. सापाला सोबतीची गरज नसते.

जिवंत साप नीट बघितलाच नसेल तर आधी पुण्याच्या कात्रजच्या सर्पोद्यानात एक दिवस घालवा. तिथे भारतीय साप काचेआड तासन्‌तास काहीही न करता पडलेले दिसतील. ते बघून कंटाळा आला तर कुत्रा पाळा.

पहिला महिना

घरी आणला की पेटीत सोडा आणि विसरा. पाच ते सात दिवस हात नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही, फोटो नाही. हे सगळ्यात अवघड, कारण गल्लीत बातमी पोचलेली असते. मग पहिलं जेवण. उंदीर फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात वितळू द्या, नंतर पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा, हाताला ऊब लागेल इतपत. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. लांब चिमट्याने धरा, हाताने कधीच नाही. सापाच्या अंगाचा सर्वात जाड भाग जेवढा, तेवढाच उंदीर. पिल्लाला पाच-सात दिवसांनी एक, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी. जेवल्यावर दोन दिवस उचलू नका.

नाही जेवला तर उंदीर तासाभराने काढून टाका, पाच दिवसांनी परत द्या. आधी तापमान तपासा, मग लपायची जागा, मग तुम्ही किती वेळा डोकावलात ते आठवा. नागपंचमीला शेजारच्या मावशी दूध-लाह्या घेऊन आल्या तर नमस्कार करू द्या, वाटी मात्र पेटीबाहेर. साप दूध पचवू शकत नाही.

दोन-तीन जेवणं नीट झाली की हातात घ्यायला सुरुवात, पाच-दहा मिनिटं. वरून झडप घालू नका, घारही तशीच येते. बाजूने हात सरकवा, अंगाला दोन ठिकाणी आधार द्या. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात नकोच. चावलाच तर सुई टोचल्यासारखे बारीक ठिपके उठतात. पाणी, साबण, झालं.

गुरांचे डॉक्टर गावोगावी आहेत, साप तपासणारा मात्र विरळा. पिल्लू घेण्याआधीच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून "साप बघता काय?" विचारून ठेवा. तापानंतर औषध शोधायला निघालात तर उशीर होतो.

आणि कधी सांभाळणं जमेनासं झालं तर? कागदासकट दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, राकसकोपच्या काठाला, भीमगडच्या रानात सोडू नका. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळलेले किंगस्नेक असेच मोकळे सुटले, आणि ज्यांनी कधी साप बघितलाच नव्हता त्या तिथल्या सरड्यांचा त्यांनी फडशा पाडला. देणार असाल तेव्हा जेवणाची वहीही सोबत द्या: तारीख, उंदराचा आकार, खाल्ला की नाही, कात कधी टाकली. माझ्या वहीत अधूनमधून आजीच्या अक्षरातही नोंदी आहेत. "बुधवार. खाल्ला. शेपूट शेवटी गेली."